क्रियापदाच्या शेपटीला लागलेलं ‘अप’ नक्की करतं काय?

शाळेत आपल्याला अप म्हणजे वर आणि डाऊन म्हणजे खाली एवढं शिकवलं आणि सोडून दिलं. पुढे कधीतरी गिव्ह अप समोर येतं आणि आपण शिकल्याप्रमाणे प्रामाणिकपणे जोडायला जातो, गिव्ह म्हणजे देणे, अप म्हणजे वर, म्हणजे वर देणे? तर नाही, हार मानणे, नाद सोडणे. बरं मग शट अप म्हणजे वर बंद कर का, तर गप्प बस. थ्रो अप म्हणजे वर फेक का, तर ओकणे (हे एक त्यातल्या त्यात पटण्यासारखं आहे). मग आपण कंटाळून असा निष्कर्ष काढतो की इंग्रजी ही येडपट भाषा आहे, हिला नियमच नाहीत, याद्या पाठ करा आणि मोकळे व्हा.

मी पण बरीच वर्षं याद्याच पाठ केल्या. गेटच्या वीस, टेकच्या पंधरा, पुटच्या बारा, आणि आठवड्याभरात सगळं साफ. मग एकदा कुणालातरी हे समजावताना माझंच लक्ष माझ्या मराठीकडे गेलं. आता वरचं पहिलंच वाक्य परत वाचा. मी लिहिलंय ‘सोडून दिलं’. कुणी काय दिलं हो? कुणाच्या हातात काही दिलं का? नाही ना. सोडणे हा खरा अर्थ, आणि ‘दिलं’ नुसतं मागे येऊन चिकटलंय आणि सोडण्याला एक रंग देऊन गेलंय. आणि बघा, ‘देऊन गेलंय’ मध्ये पण तेच, कोण कुठे गेलं? आपण दिवसभर असंच बोलतो. खाऊन टाक, लिहून घे, सांगून ठेव, करून बघ, शोधून काढ, विसरून जा, विसरून बसलो. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला हे तितकंच वेडं वाटतं, तो विचारतो की खाऊन टाक म्हणजे आधी खायचं आणि मग टाकायचं का. आपल्याला हसू येतं, पण गिव्ह अपचा अर्थ ‘वर देणे’ लावणारे आपण अगदी तेच करत असतो.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की इंग्रजीत क्रियापदाच्या मागे जे अप, आऊट, ऑफ, डाऊन लागतं ते आपल्या टाक, घे, ठेव, दे, बस यांचं चुलत भावंड समजायचं. सख्खं नाही, चुलत. सगळं जुळत नाही, पण जेवढं जुळतं तेवढ्यानेच निम्मं ओझं उतरतं. सगळे शब्द एका लेखात घेतले तर वाचणारा पळून जाईल (रन अवे, पळून जाणे, बघा किती सरळ बसतं) म्हणून इथे मुख्यतः अपच घेतो, कारण जिथे तिथे दिसतं पण तेच आणि सगळ्यात जास्त छळतं पण तेच.

सुरुवात ईट आणि ईट अपने करू. ईट म्हणजे खा. ईट अप म्हणजे खाऊन टाक, संपव, ताटात काही ठेवू नकोस. ड्रिंक आणि ड्रिंक अप तसंच, पी आणि पिऊन टाक. यूज म्हणजे वापर, यूज अप म्हणजे वापरून संपव. शाई यूज केली म्हणजे थोडी वापरली, उरली असेल. यूज अप केली म्हणजे बाटली रिकामी. ड्राय म्हणजे वाळणे, नदी ड्राइज अप म्हणते तेव्हा थेंब उरत नाही. इथे अपचा वरबिरशी संबंध नाही, अप सांगतंय की काम शेवटाला गेलं, पुढे करायला काही राहिलं नाही. आणि हेच काम मराठीत टाकणे करतं.

हे खरं आहे का बघायची एक गंमतशीर टेस्ट आहे. ‘तो तासभर पाणी पीत होता’ हे वाक्य चालतं, विचित्र माणूस आहे पण वाक्य चालतं. आता म्हणा ‘तो तासभर पाणी पिऊन टाकत होता’. अडखळलात ना? कारण पिऊन टाकणे म्हणजे शेवटाला पोचणे, आणि जे शेवटाला पोचतं ते तासभर चालू राहत नाही. इंग्रजीत पण ‘ही ड्रँक वॉटर फॉर ॲन अवर’ ठीक आहे, पण ‘ही ड्रँक अप द वॉटर फॉर ॲन अवर’ म्हटलं की इंग्रजी माणूस पण असाच अडखळतो. दुसरी टेस्ट, ‘मी सगळं खाऊन टाकलं पण थोडं उरलंय’. हे ऐकून कुणीही विचारेल, मग टाकलं कसं? ‘आय एट इट ऑल अप, बट देअर इज सम लेफ्ट’ वर पण हाच प्रश्न येतो.

पण मग शेवटाला जाण्यासाठी ‘वर’च का, ‘खाली’ का नाही? याचं एक पटणारं स्पष्टीकरण भांड्याचं आहे. भांड्यात पाणी ओतत गेलं की पातळी वर वर येते आणि काठाला लागली की भरलं, संपलं. फिल अप. म्हणजे वर जाणे, वाढणे आणि पूर्ण होणे ही एकाच रस्त्यावरची तीन ठिकाणं झाली. आणि वाढणे म्हणजे वर हे तर आपण रोज बोलतो, भाव चढले, ताप चढला, पारा चढला, आवाज चढवला, मग ताप उतरला, भाव उतरले. ताप काही शिडीवर चढत नाही. तेव्हा स्पीक अप म्हणजे आवाज चढव, जरा मोठ्याने बोल. हीट अप, स्पीड अप, टर्न अप द व्हॉल्यूम, चिअर अप, सगळीकडे काहीतरी वाढतंय, उष्णता, वेग, आवाज, मूड. हरी अप पण तिथलाच, घाई वाढव. ग्रो म्हणजे नुसतं वाढणे, केस पण वाढतात, झाड पण वाढतं, पण ग्रो अप म्हणजे वाढून मोठं होणे, मोठ्या माणसाच्या पातळीला पोचणे, म्हणून तर चाळिशीतल्या माणसाला चिडून ‘ग्रो अप’ म्हणता येतं, त्याची उंची वाढावी अशी कुणाची अपेक्षा नसते.

मग एक वेगळीच टोळी आहे. शो अप, टर्न अप, कम अप, ब्रिंग अप. इथे काहीतरी दिसत नव्हतं आणि आता दिसायला लागलं. पाण्याखाली काहीतरी आहे आणि ते वर आलं असं डोळ्यासमोर आणा. हरवलेली किल्ली टर्न्ड अप, म्हणजे कुठूनतरी सापडली. पाहुणा शोड अप, उगवला. (आपण पण चेष्टेत ‘उगवला’च म्हणतो, सूर्यासारखा खालून वर.) मीटिंगमध्ये कुणीतरी जुनं भांडण ब्रॉट अप, म्हणजे उकरून काढलं, वर काढलं. ‘जुनं प्रकरण वर काढलं’ हे तर शब्दाला शब्द तेच झालं की. ब्रिंग अपचा दुसरा अर्थ मुलांना वाढवणे, तो वरच्या वाढीच्या टोळीतला. एकाच जोडीला दोन टोळ्या मिळाल्या तर दोन अर्थ होतात, त्यात आश्चर्य नाही, ‘काढणे’चे आपण कमी अर्थ करतो का.

बांधाबांधीची टोळी आणि तोडफोडीची टोळी ह्या मात्र एकत्रच बघायला हव्यात, कारण त्यांनी मला सगळ्यात जास्त गोंधळवलं होतं. टाय अप, रॅप अप, लॉक अप, पॅक अप, ॲड अप, टीम अप, यात गोष्टी एकत्र येतात, बंद होतात. आणि टेअर अप, कट अप, ब्रेक अप, स्प्लिट अप, यात त्याच गोष्टींचे तुकडे होतात. एकच शब्द जोडतो पण आणि तोडतो पण? नाही. जोडणं आणि तोडणं हे क्रियापद करतंय, अप फक्त म्हणतंय ‘पूर्ण’. टेअर म्हणजे फाडणे, शर्टाला एवढीशी चीर गेली तरी टेअर. टेअर अप म्हणजे चिंध्या केल्या, फाडून टाकलं. शट अपचं पण तेच, मूळ अर्थ नीट पूर्ण बंद करणे, घर शट अप करून गावाला जाणे असं म्हणायचे, तोंडाला ते नंतर लागलं.

हे लक्षात आलं की एक जुनं कोडं पण सुटतं, बर्न अप आणि बर्न डाऊन. कागद बर्न्स अप, घर बर्न्स डाऊन. दोन्ही जळून खाक, मग एक वर आणि एक खाली का? घर उभं असतं ते कोसळून जमिनीला येतं, म्हणून डाऊन. कागद मुळात उभा नसतो, तो नुसता संपतो, म्हणून अप. स्लो डाऊन आणि स्लो अप दोन्ही म्हणजे वेग कमी करणे, हे मात्र कुणाला सांगायला जाऊ नका, लोक चिडतात.

मेस अप, मिक्स अप, स्क्रू अप, या बिघाडाच्या टोळीला मराठीत टाकणे बसत नाही, तिथे आपला ‘बसणे’ कामाला येतो. ‘घोळ करून बसला’, ‘पैसे घालवून बसला’. त्यात जो एक ‘अरेरे, आता काय’ असा सूर आहे तो मेस्ड अपमध्ये बरोबर ऐकू येतो. एंड अप पण याच्या शेजारचं, ‘वुई एंडेड अप पेइंग’ म्हणजे शेवटी पैसे आम्हीच भरून बसलो, तसं ठरलं नव्हतं.

आता हँग अप. फोन हँग अप करणे म्हणजे ठेवणे, आणि इथे वर टांगण्याचा काय संबंध असा प्रश्न आजच्या मुलांना पडणारच, कारण त्यांनी तो फोन पाहिलेला नाही. जुना फोन भिंतीवर असायचा आणि बोलून झालं की कानाला लावायचा भाग खरोखर हुकाला टांगायचा. टांगला की कॉल तुटला. भिंत गेली, हुक गेला, वायर पण गेली, शब्द तसाच राहिला.

बरं सरळ अर्थाचं अप विसरू नका, स्टँड अप, गेट अप, पिक अप, तिथे वर म्हणजे वरच. पण तिथे पण एक बारीक गोष्ट आहे जी आपल्याकडून सुटते. स्टँड म्हणजे उभं असणे आणि स्टँड अप म्हणजे बसलेला होता तो उठून उभा झाला. एक स्थिती, एक हालचाल. सिटचं तर फारच छान आहे, सिट डाऊन म्हणजे उभा होता तो खाली बसला, आणि सिट अप म्हणजे आडवा होता तो उठून बसला. शेवट दोन्हीकडे बसण्यातच होतो, अप आणि डाऊन सांगतात ते फक्त तो आला कुठून. डॉक्टर पडलेल्या पेशंटला सिट अप म्हणाला तर उठून उभं राहायचं नाही, पलंगावरच बसायचं.

आणि उठ हा शब्द आपण मराठी म्हणून वापरतो त्याच्या पोटात पण एक अप लपलंय हे किती जणांना माहितीये? संस्कृत उत् म्हणजे वर, स्था म्हणजे उभं राहणे, उत् अधिक स्था म्हणजे उत्थान, आणि त्याचंच झिजून झिजून उठणे झालं. स्टँड अपच आहे ते, फक्त अप पुढे लावलंय आणि इतकं घट्ट चिकटलंय की आता सुटतच नाही. स्टँड आणि स्था तर एकाच मुळातून आलेले नातेवाईक आहेत, म्हणजे काही हजार वर्षांपूर्वीचा धातू एकच.

उपसर्ग शाळेत सगळ्यांनी केलेत. एक हृ धातू घ्यायचा, म्हणजे नेणे, हरण करणे, आणि त्याला पुढे काहीबाही लावायचं. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार, उपहार. जेवण, फिरणं, मारणं, नाश, निवारण, भेटवस्तू. एका धातूचे सहा संसार. जुन्या व्याकरणकारांचा एक श्लोकच आहे की उपसर्ग धातूचा अर्थ बळजबरीने दुसरीकडे ओढून नेतो, आणि दाखला म्हणून त्यांनी याच हारांची माळ दिलीये. ब्रेक डाऊन, ब्रेक अप, ब्रेक इन, ब्रेक आऊट, ब्रेक ऑफ यांना तो श्लोक जसाच्या तसा लागू पडतो, फरक फक्त जागेचा, आपण पुढे जोडलं, त्यांनी मागे. आणि वैदिक संस्कृतात तर उपसर्ग क्रियापदाला चिकटलेला पण नसायचा, वाक्यात लांब कुठेतरी सुटा यायचा आणि मधे चार शब्द असायचे. म्हणजे सुटं राहणं ही इंग्रजीची फॅशन नाही, फार जुनी सवय आहे.

जर्मनमध्ये आजही दोन्ही दिसतं. उठणे म्हणजे आउफश्टेहेन, आउफ म्हणजे अप, श्टेहेन म्हणजे स्टँड. डिक्शनरीत जोडलेलं, पण ‘मी सातला उठतो’ म्हणायचं झालं की आउफ तुटतं आणि थेट वाक्याच्या टोकाला जाऊन बसतं. खाऊन टाकणे आउफएसेन, सोडून देणे आउफगेबेन, गेबेन म्हणजे गिव्ह. गिव्ह अप! इंग्रजीत पण जुन्या काळी पुढे लावायची पद्धत होती आणि तिचे अवशेष पडलेत इकडेतिकडे, अपहोल्ड, अपब्रिंगिंग, आऊटकम, इन्कम, डाऊनफॉल. कधी पुढचं आणि मागचं दोन्ही जिवंत राहिलं आणि अर्थ पार फाटले. सेट अप म्हणजे उभारणे, अपसेट म्हणजे उलटवणे. अपहोल्ड म्हणजे निर्णय कायम ठेवणे, होल्ड अप म्हणजे खोळंबा करणे, नाहीतर पिस्तूल दाखवून लुटणे. न्यायाधीश निकाल अपहोल्ड करतो, होल्ड अप केला तर बातमी होईल.

मग 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, राज्यकर्ते फ्रेंच बोलणारे झाले आणि पुढच्या काही शतकांत फ्रेंच लॅटिन क्रियापदं ढिगाने आली. त्याने झालं काय की एका कामाला दोन शब्द झाले, एक दरबारी आणि एक घरातला. टॉलरेट आणि पुट अप विथ, पोस्टपोन आणि पुट ऑफ, एक्स्टिंग्विश आणि पुट आऊट, इन्व्हेस्टिगेट आणि लुक इंटू, सरेंडर आणि गिव्ह अप. आपल्याकडे कसं, सहन करणे आणि चालवून घेणे, स्थगित करणे आणि पुढे ढकलणे. गंमत अशी की आपण इंग्रजी पुस्तकातून शिकतो त्यामुळे आपल्याला दरबारी शब्द आधी येतात. म्हणून आपण मित्राला ‘आय कॅनॉट टॉलरेट धिस’ म्हणतो आणि त्याला वाटतं आपण नोटीस पाठवतोय. उलट ऑफिसच्या औपचारिक पत्रात पुट अप विथ लिहिलं तर ते जरा घरच्या कपड्यात आल्यासारखं दिसतं. सॅम्युअल जॉन्सनने 1755 सालच्या स्वतःच्या इंग्रजी डिक्शनरीच्या प्रस्तावनेत क्रियापद आणि शेपटीच्या या जोड्यांबद्दल मुद्दाम लिहिलंय की परक्यांना याचाच सगळ्यात जास्त त्रास होतो. तेव्हा तुम्ही एकटे नाही, आणि अडीचशे वर्षांत फार काही बदललेलं पण नाही.

आता येतो तो भाग जिथे खरी चूक होते, शब्दांची जागा. पिक अप द फोन चालतं, पिक द फोन अप पण चालतं. पण फोनच्या जागी इट घातलं की फक्त पिक इट अप. पिक अप इट म्हटलं की कान टवकारतात. का बरं? इंग्रजीला नवी माहिती वाक्याच्या शेवटी ठेवायची सवय आहे, जोर तिथे पडतो. इट म्हणजे जुनी माहिती, दोघांनाही माहीत आहे ते, त्याला शेवटचं मानाचं पान द्यायचं नाही, मधे सरकवून मोकळं व्हायचं. आणि उलट वस्तू लांबलचक असेल, समजा ‘काल टेबलावर विसरलेला लाल कव्हरचा फोन’, तर ते सगळं मधे कोंबून मग अप म्हणेपर्यंत ऐकणारा पिक विसरून गेलेला असतो, म्हणून लांब असेल तर अप आधी.

मराठीत पण दोन क्रियापदांच्या फटीत छोटे शब्द घुसतात बरं का. खाऊनच टाक, खाऊन पण टाकलं, लिहून तर घे. च, पण, तर असल्या बारक्यांनाच तिथे प्रवेश. इंग्रजीच्या फटीत इट, देम, हिम हे बारके तर घुसतातच, वर मध्यम आकाराची वस्तू पण मावते, एवढाच फरक.

पण थांबा, लुक ॲट इट म्हणताना तर इट शेवटी आलं. लुक इट ॲट का नाही? कारण ते ॲट वेगळ्या जातीचं आहे. ते क्रियापदाची शेपटी नाही, ते पुढच्या शब्दाचं डोकं आहे, आपल्या ‘कडे’सारखं. ‘त्याच्याकडे बघ’ मधला कडे हा बघला चिकटलेला नसतो, त्याला चिकटलेला असतो, आणि लुक ॲट इट मध्ये ॲट हे इटला चिकटलंय. पिक अप मध्ये अप हे पिकला चिकटलंय. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात, आणि सगळा गोंधळ हा दिसण्याचा आहे.

फरक ओळखायला इंग्रजी व्याकरणवाल्यांची एक आवडती जोडी आहे. ‘ही रॅन अप अ हिल’ आणि ‘ही रॅन अप अ बिल’. एक टेकडी पळत चढला, दुसऱ्याने बिल वाढवून ठेवलं. आता वस्तू मधे घालून बघा. ‘ही रॅन अ बिल अप’ मस्त चालतं. ‘ही रॅन अ हिल अप’ अजिबात नाही, कारण ते अप टेकडीचं आहे, टेकडी‘वर’ मधलं वर, ते टेकडीला सोडून कुठे जाणार? आणि इट घातलं तर टेकडीसाठी रॅन अप इट, बिलासाठी रॅन इट अप. शिवाय कानाला पण कळतं. लुक ॲट मध्ये जोर लुकवर असतो आणि ॲट गिळलं जातं. लुक इट अप (डिक्शनरीत वगैरे शोधून बघ) मध्ये अप ठसठशीत उच्चारतात. इंग्रजी सिनेमा बघताना हे एकदा ऐकायला लागलात की मग ऐकू येतच राहतं, थांबत नाही.

जोराचीच दुसरी गंमत नामांची. बॅक अप करणे हे क्रियापद दोन शब्दांत लिहायचं आणि जोर अपवर, बॅकअप हे नाम एका शब्दात आणि जोर बॅकवर. सेट अप आणि सेटअप, लॉग इन आणि लॉगिन, चेक अप आणि चेकअप सगळ्यांचं तेच. वेबसाइटवर बटणाला काय लिहायचं यावरून लोक भांडतात ते यासाठी, बटण दाबणं हे काम आहे म्हणून लॉग इन दोन शब्दांत, आणि आत गेल्यावर तुमचा लॉगिन एका शब्दात. मराठीने यातली नामंच उचललीत, क्रियापदं नाही. ब्रेकअप झालं, बॅकअप घेतला, मेकअप केला, गेटअप भारी होता, चेकअप करून आलो. त्यामुळे मेक अप हे क्रियापद समोर आलं की आपल्याला पावडरच आठवते, आणि ‘दे मेड अप’ म्हणजे त्यांनी भांडण मिटवलं, ‘शी मेड इट अप’ म्हणजे तिने मनाने रचून सांगितलं, हे डोक्यात यायला वेळ लागतो.

तीन शब्दांच्या गाड्यांत, पुट अप विथ, कम अप विथ, कॅच अप विथ, लुक अप टू, दोन्ही जाती एकापाठोपाठ जोडलेल्या असतात, आधी शेपटी मग डोकं. म्हणून वस्तू कायम शेवटी, इट असलं तरी. पुट अप विथ इट. मधे काही घालायचं नाही. आणि या सगळ्यांच्या मागे क्रियापद आलं तर ते आयएनजीवालं, गिव्ह अप स्मोकिंग, एंड अप पेइंग, गिव्ह अप टू स्मोक नाही. लुक फॉरवर्ड टू मध्ये ‘टू’ असूनही मीटिंग येतं, मीट नाही, कारण तो टू क्रियापदाच्या मूळ रूपाचा टू नाहीये, ‘कडे’वाला टू आहे. ईमेलमध्ये ही चूक इतकी बघितलीये की आता बरोबर लिहिलेलं दिसलं की बरं वाटतं.

आणि हो, कोप अप विथ. हे मी स्वतः किती वर्षं लिहिलंय आणि किती आत्मविश्वासाने लिहिलंय ते आठवून अजून कान तापतात. कोपला अप नाही. कोप विथ, म्हणजे निभावून नेणे, संपला विषय. कीप अप विथ आणि कॅच अप विथ ऐकून ऐकून आपण कोपला पण शेपटी लावून टाकली. अपची सवय लागली की असं होतं, हात आपोआप जातो.

चुलत भावंड म्हणालो होतो, सख्खं नाही, ते कुठे फाटतं ते पण सांगायला हवं. नकारात. ‘मी खाऊन टाकलं’ म्हणतो, पण नाही म्हणायचं झालं तर ‘मी खाऊन टाकलं नाही’ असं सहसा म्हणत नाही, सरळ ‘खाल्लं नाही’ म्हणतो. मराठीत नकार आला की मागचं शेपूट बहुतेक वेळा गळून पडतं. इंग्रजीत गळत नाही, ‘आय डिडन्ट गिव्ह अप’, ‘डोन्ट गिव्ह अप’, ‘शी नेव्हर शोड अप’. म्हणून आपण नकारात अप खाऊन टाकतो, ‘ही डिडन्ट वेक’ वगैरे लिहितो. दुसरा फरक असा की आपल्या टाकण्यात एक ‘एकदाचं उरकलं’ ची भावना असते, घेण्यात ‘स्वतःसाठी’, देण्यात ‘दुसऱ्यासाठी’. लिहून घे आणि लिहून दे यात कागद कुणाकडे जाणार ते कळतं, इंग्रजी राइट डाऊनमध्ये ते कळत नाही. तिथे आपली भाषा जास्त श्रीमंत आहे, हे मी जरा फुशारकीने सांगतो.

शिकायचं कसं म्हणाल तर गेटच्या याद्या बंद करा, टोळ्या करा. एक वही, एक पान अपचं, एक आऊटचं (शोधून काढणे, फाइंड आऊट, तिथे आपला काढणे बसतो), एक ऑफचं. नवीन जोडी भेटली की ती कुठल्या टोळीत बसते ते बघा आणि शेजारी मराठी शेपटी लिहा, टाक की बस की काढ. नाही बसली तर एक कोपरा उनाडांचा ठेवा, काही राहतातच. आणि डिक्शनरी बघताना एक गोष्ट नक्की बघा जी बहुतेक जण बघत नाहीत. शिकणाऱ्यांसाठीच्या चांगल्या डिक्शनऱ्यांत नोंद नुसती लुक अप अशी नसते, त्यात समथिंग हा शब्द पण छापलेला असतो, पुष्कळदा संक्षेपात. तो मधे असेल, लुक समथिंग अप, तर इट मधे जाणार. तो शेवटी असेल, लुक आफ्टर समथिंग, तर इट शेवटीच. आणि समथिंग कुठेच नसेल, जसं शो अपला नसतं, तर त्या जोडीला वस्तू लागतच नाही.